कमळजाचे उतारू

कमळजा आगबोट मुरवंड्याच्या सड्यावर, म्हणजे बंदरावरच्या कातळपठारावर, आणून सिमेंटात रोवली, त्या महिन्यापासून सड्याला भरती येऊ लागली. रोज दोनदा तो काळा कातळ पाठ वर काढायचा आणि तेवढ्याच सावकाश खाली बसायचा. उधाणाच्या दिवशी त्यावर लाटाही यायच्या. बोट मात्र हलायची नाही, कारण तिचं सिमेंट तळाच्या खडकापर्यंत गेलं होतं. जमीनच तिच्या अंगाला घासत वरखाली व्हायची. उतारावरच्या घरांत मांडणीवरची भांडी सरकायची, विहिरीचा दोर पुरायचा नाही. पहिले काही दिवस लोक घाबरले. मग ग्रामपंचायतीने शाळेच्या भिंतीवर सड्याच्या भरतीचं वेळापत्रक लावलं आणि गुरांचे खुंटे खोल ठोकायला सांगितलं. माणसाला कशाचीही सवय होते, आणि मुरवंड्याच्या माणसांना जरा जास्तच लवकर होते.

द्वारका तारीला ती झाली नाही. साठी ओलांडलेली ही बाई बंदराला लागून असलेल्या घरात एकटी राहायची, सुकी मासळी विकायची, आणि तिच्या तोंडाला लागायला गाव टरकून असायचा. बोट सड्यावर चढवली त्या दिवशी पेढे वाटायला आलेल्या सरपंचाला तिने उंबऱ्यावरूनच परत पाठवलं होतं.

"ती पाण्यातली वस्तू. ती जमिनीक लागूक शिकाक नाय," ती म्हणाली. "आता तुमी तिका वरवंट्यासारी आणून ठेवलास."

खरंच होतं ते. कमळजा मुंबईहून आफ्रिकेला जायची आणि वाटेत मुरवंड्यासमोर खोल पाण्यात उभी राहायची. धक्का नव्हताच. भोंगा झाला की किनाऱ्यावरून पडाव निघायचे, म्हणजे वल्ह्यांच्या मोठ्या होड्या. पडाव बोटीच्या कुशीला लागला की उतारू बाहेरच्या शिडीच्या शेवटच्या पायरीवर येऊन शेजारी लोंबणारा दोर धरायचा. खाली पडावाचा तांडेल उभा. लाटेने पडाव वर उचलला, की तांडेलने दोन्ही हात वर करायचे आणि ओरडायचं, "सोड!" उतारूने डोळे मिटून दोर सोडायचा. मामलेदार असो, नवी नवरी असो, ओली बाळंतीण असो, मुरवंड्यात पाय ठेवायची दुसरी रीत नव्हती. आईच्या पोटातून आल्यावर इथला माणूस पुन्हा एकदा जन्मायचा तो तांडेलच्या हातांत.

द्वारकाचा बाप, भिकू तारी, असाच तांडेल होता. त्याच्या हातून कधी कुणी पाण्यात पडलं नाही. त्याच्या हातांत एकच माणूस आलं नाही, आणि ती त्याची बायको होती.

चंपा एका आफ्रिकेला निघालेल्या कुटुंबाबरोबर त्यांच्या तान्ह्या मुलाला सांभाळायला गेली, तेव्हा द्वारका लहान होती. वर्षा-दोन वर्षांनी, वैशाखाच्या शेवटी, चंपा परत आली. सगळा गाव किनाऱ्यावर होता. द्वारका आजीचं बोट धरून उभी होती आणि तिने नवं परकर-पोलकं घातलं होतं. लांबून दिसायचं तेवढं तिने पाहिलं. आई शिडीच्या शेवटच्या पायरीवर होती आणि हातात दोर होता. पडाव वर गेला, खाली आला, पुन्हा वर गेला. बापाचा आवाज वाऱ्यावरून किनाऱ्यापर्यंत आला, "सोड!" आईने दोर सोडला नाही. मग भोंगा झाला आणि बोट निघून गेली.

रिकामा पडाव ओढून भिकू वर आला. "ती उतरूक नाय," एवढंच तो म्हणाला, आणि मरेपर्यंत त्यापुढे एक अक्षर बोलला नाही.

तेवढं गावाला पुरलं. आफ्रिकेचं पाणी लागलं तिला. तिला तिथे कुणीतरी भेटला. पोटची पोर समोर उभी असताना दोर धरून बसली, बाई आहे की कोण? जिभेला हाड नसलेल्या या गावाने ही गोष्ट वर्षानुवर्षं चघळली. द्वारकाला बघायला आलेले पाहुणे चहा पिऊन जायचे आणि वाटेतल्या दुकानात थांबले की परत यायचे नाहीत. आईची लेक शेवटी आईसारखीच निघायची, असं त्यांना तिथे सांगितलं जायचं. द्वारकाचा राग तेव्हापासूनचा होता. तो कुणावर होता, हे तिला नेमकं ठरवता आलं नव्हतं. कधी आईवर, कधी गावावर. बापावर मात्र कधी नव्हता. बाप बिचारा ओरडला होता, हे तिने स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं.

आणि आता बोटीचा रंग खरवडायला घेतल्यावर उतारू निघू लागले होते.

कमळजाला दरवर्षी नवा रंग द्यायचे, जुना न काढता. त्या त्या वर्षी जे लोक कठड्याला टेकून उभे होते किंवा भिंतीला पाठ लावून बसले होते, ते रंगाखाली गेले आणि तिथेच राहिले. पहिला थर सुटला तेव्हा दुसऱ्या वर्गाच्या केबिनबाहेर एक शिक्षक निघाले, धोतर आणि कोट घातलेले. मग एक बाई आणि तिच्या तीन मुली. मग खलाशी, व्यापारी, एक वाजंत्रीवाला. सगळे पापडासारखे पातळ आणि कडांना थोडे वळलेले. डोळे उघडले की प्रत्येक जण एकच विचारायचा, "पडाव लागला का?"

बोटीच्या कुशीला लागून सिमेंटचा रुंद जिना बांधला होता आणि त्याला पितळी कठडा होता. उतारू त्या जिन्यापर्यंत यायचे, खाली बघायचे आणि माघारी वळायचे. एकही जण त्यावरून उतरला नाही.

"त्यांना इथेच राहायचंय," घैसास म्हणायचे. "बघा ना, किती ओढ आहे."

निनाद घैसास हे कमळजाचं पर्यटकांसाठी संग्रहालय करणाऱ्या स्मृतिजतन प्रकल्पाचे प्रमुख. मुंबईहून आले होते. आवाज मऊ, सदरा त्याहून मऊ, आणि बोलताना समोरच्याच्या खांद्यावर हात ठेवायची सवय. गावातल्या प्रत्येक घरातल्या एकाला तरी त्यांनी बोटीवर कामाला लावलं होतं, त्यामुळे गावाने डोळ्यांवर कातडं ओढून घेतलं होतं.

खरवडून काढलेला उतारू वाऱ्यावर टिकत नसे. कडांनी भुरभुरायला लागे. म्हणून त्याला वार्निश लावायचे, डोक्यापासून सुरुवात करून खाली पायांपर्यंत. वार्निश लावायच्या आधी उतारू भडाभडा सगळं बोलायचा. लावल्यावर त्याच्याकडे एकच वाक्य उरायचं. ते कोणतं उरावं, हे घैसास ठरवायचे. मग उतारूला डेकवर खुर्चीत बसवायचे, आणि पाहुणा जवळ आला की तो आपलं वाक्य बोलायचा.

त्या तीन मुलींच्या आईचं चौथं पोर बोटीवर तापाने गेलं होतं आणि ते समुद्रात सोडावं लागलं होतं. किती फडक्यांत गुंडाळलं, कोणत्या खलाशाने टोपी काढली, धाकटीने काय विचारलं, सगळं ती दोन दिवस सांगत होती. द्वारका जवळ बसून ऐकत होती. तिसऱ्या दिवशी वार्निश वाळलं आणि बाई खुर्चीतून हसून म्हणाली, "कमळजावरच्या चहाची चव अजून जिभेवर आहे हो."

द्वारकाच्या अंगाचा तिळपापड झाला. ती तडक घैसासांच्या केबिनमध्ये गेली.

"तिचा पोर खंय गेला?"

"मावशी, लोक सुट्टीला येतात. लहान मुलं बरोबर असतात."

"तिच्यावांगडा पण लहान मुलाच होती."

घैसासांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. तिने तो चिमटीत धरून बाजूला केला, सुकटीतून खेकडा काढावा तसा.

त्यानंतर ती रोज बोटीवर जाऊ लागली. आजी म्हणायची, आई उतरली नाही त्या साली कमळजा पिवळी होती, शेवंतीच्या फुलासारखी. वरून खाली थर उतरत होते: पांढरा, राखाडी, पुन्हा पांढरा, हिरवट. खरवडणाऱ्यांचा मुकादम होता सदा कुबल. तो द्वारकाचा शेजारी, तिच्याच वयाचा, आणि त्याचा बाप भिकूच्याच पडावावर वल्ह्याला असायचा. नोकरी लागल्यापासून सदा निळी टोपी घालायचा आणि जेवतानाही काढायचा नाही.

"पिवळो लागलो की माका हाक मार," तिने त्याला बजावलं होतं. "सायबाच्या आधी माका."

त्याने हाक मारली. तेवढं त्याच्या हातून झालं.

चंपा आत नव्हती. बोटीच्या बाहेरच्या अंगाला, शिडीच्या शेवटच्या पायरीवर ती निघाली, जमिनीपासून दीड पुरुष वर, हातात दोर. तिशीसुद्धा नव्हती तिची. नऊवारीचा काठ रंगाने कडक झाला होता. द्वारका खरवडणाऱ्यांच्या परांचीवर चढून उभी राहिली आणि आपल्याहून निम्म्या वयाच्या आईकडे बघत राहिली.

"पडाव लागलो?" चंपाने विचारलं.

"नाय."

"तू कोणाची गो?"

"तुझी."

चंपाने तिला नीट न्याहाळलं. "म्हातारी झालंस," ती म्हणाली. "परकार नवो होतो. माका वरसून दिसलो."

आयुष्यभर एकच प्रश्न घोकला होता द्वारकाने. तो असा सुटा, चिडका बाहेर आला. "मगे कित्या उतरूक नाय तू? सगळो गाव म्हणता, तुका येवचाच नव्हता. माझ्या तोंडावर म्हणतत. उभो जन्म आयकलंय मी ता."

"तेणा 'सोड' म्हटल्यान," चंपा म्हणाली. "हात वर करूक नाय."

"कोणी?"

"तुझ्या बापाशीन. वल्हेवाले हसत होते. बायको आफ्रिकेची भाकर खावन इली, आता हिका झेलतलंस काय, म्हणत होते. माका वर आयकाक येत होता. तेका लाज वाटली. हात पाठीमागे घेतल्यान आणि 'सोड' म्हणान आराडलो. तीनदा." तिने दोरावरची पकड बदलली. "खाली हात नाय, तर दोर सोडून मी जातलंय खंय?"

सड्याची ओहोटी चालू होती, परांची खाली चालली होती आणि आई हळूहळू उंच जात होती.

"उतर," द्वारका म्हणाली. "हंय जिनो आसा. धर माझो हात."

चंपाने जिन्याकडे बघितलं. "मुरवंड्यात जिनो खंय आसा?" ती म्हणाली, आणि पुन्हा खाली, पडाव लागायचा त्या जागी बघू लागली.

मागे घैसास येऊन उभे होते. त्यांचे डोळे खरंच पाणावले होते, आणि द्वारकाला त्याचाच जास्त संताप आला.

"अप्रतिम," ते म्हणाले. "पण पाहुण्यांना एवढं सगळं कळणार नाही. 'या बोटीने इतका जीव लावला, की उतरावंसंच वाटलं नाही.' हे कसं वाटतं?"

"असा ती म्हणूक नाय."

"भावार्थ तोच आहे ना, मावशी. शेवटी ती उतरली नाही, हे तर खरं."

"भावार्थ तुमच्या घराक न्हेवन ठेवा."

"उद्या उद्घाटन आहे," घैसास मऊपणे म्हणाले. "सकाळी वार्निश करून घेऊ. नाहीतर वाऱ्याने जाईल ती. ते तुम्हाला चालेल का?"

चंपाच्या पदराच्या कडेची पिवळी भुकटी आत्ताच वाऱ्यावर उडत होती.

घरी येऊन द्वारकाने परड्यातल्या पडावाला लाथ घातली. बापाचा पडाव उपडा पडला होता, त्याखाली ती नारळाची सोडणं साठवायची. बापावर राग काढायला बाप नव्हता, म्हणून तिने पडावाला दुसरी लाथ घातली, तिसरी घातली, आणि शिव्या अशा दिल्या की शेजारच्या घरातला रेडिओ बंद झाला. एवढी वर्षं या माणसाला तिने जेवू घातलं होतं. त्याच्या तसबिरीला हार घातला होता. "ती उतरूक नाय" म्हणे! सगळा दोष बायकोच्या पदरात घालून हा माणूस आयुष्यभर तोंड पाडून बसला आणि गावाने त्याची कीव केली. लाथा मारून पाय दुखायला लागला तेव्हा ती थांबली. मग तिने सोडणं बाहेर फेकली आणि पडाव उलथून सरळ केला.

ओहोटी पूर्ण उतरली की सडा बंदराच्या पातळीला यायचा. दुसऱ्या दिवशी ती वेळ सकाळची होती. द्वारकाने पडावाखाली ओंडके घातले आणि दारोदार गेली.

"खेचूक चला."

एकाची कंबर धरली होती. एकाला उद्घाटनाच्या मांडवाचं काम होतं. एकाने, पडाव बोटीजवळ नेल्यास साहेब काय म्हणतील, असं तिलाच विचारलं. सदा कुबल दारात टोपी नीट करत उभा होता.

"माझी नोकरी जातली, द्वारके."

"तुझो बापूस तेच्या वल्ह्यार होतो. तो पण हसत होतो."

सदा रंगाचे डबे उचलून बोटीकडे निघून गेला.

तिने एकटीने पडाव खेचला. मागचा ओंडका काढून पुढे घालायचा, पुन्हा दोर कमरेला बांधायचा, पुन्हा ओढायचं. वाटेत पताका लावणारे लोक बाजूला होऊन तिला रस्ता देत होते. कुणी अडवलं नाही आणि कुणी हातही लावला नाही. मुरवंड्याची ही जुनी खोडच आहे. ती पोचली तेव्हा मांडवात खुर्च्या भरत होत्या आणि ध्वनिक्षेपकावर सनई लागली होती. तिने पडाव बोटीच्या कुशीला, बरोबर शिडीखाली लावला आणि त्यात उभी राहिली.

"आये," तिने हाक मारली. "पडाव लागलो!"

वर, चंपाच्या बाजूला दोन माणसं परांचीवर उभी होती. त्यांनी वार्निश लावायला घेतलं होतं. केस झाले होते, कपाळ झालं होतं. चंपाने खाली बघितलं आणि तिचा चेहरा उजळला. तिने काहीतरी बोलायला तोंड उघडलं. त्याच वेळी कुंचला तिच्या ओठांवरून गेला.

"या बोटीने इतका जीव लावला," चंपा म्हणाली, "की उतरावंसंच वाटलं नाही."

"तोंडाक मेल्यांनी वार्निश लावल्यानी तर लावूंदे," द्वारका ओरडली. "हात तुझेच आसत. दोर घट्ट धर. भरती येवंदे."

भरती आली. उधाणाचा दिवस होता. कातळ मांडवाखालून फुगत आला, खुर्च्यांची रांग उचलली गेली, पाहुण्यांनी मांडीवरच्या वस्तू सावरल्या आणि पुन्हा भाषणाकडे लक्ष दिलं. पडाव हलला.

तेवढ्यात सदा कुबल माणसं घेऊन आला. खरवडलेल्या बोटीला पुन्हा तोच पिवळा रंग देत होते, आणि कुशीला शेवटचा हात द्यायचा राहिला होता.

"द्वारके, बाजूक हो."

"होवचंय नाय."

"सायबान सांगल्यान, बोटीक लागलेली तिळभर जागा सोडूची नाय." तो तिच्याकडे बघत नव्हता. "पडाव लागलेलो आसा."

"मग रंगव."

त्याने पडाव रंगवला. फळ्या, कड, आतले बाक. मग तिचे पाय. रंग गार होता, आणि तो लागला तिथून पाय तिचे राहिले नाहीत. ते सपाट झाले आणि पडावाला चिकटले. तिने खाली बघितलं नाही. सदा रडत होता आणि रंग देत होता, दोन्ही कामं नीट करत होता. तिला त्याची कीव आली नाही. या गावात रडून मोकळं झालेली माणसं तिने भरपूर पाहिली होती.

पहिली लाट आली आणि पडाव वर गेला. द्वारकाने दोन्ही हात वर केले, पूर्ण, काखा ताणल्या जाईपर्यंत, बोटं पसरून, सगळ्या मांडवाला दिसतील असे.

"सोड!"

"या बोटीने इतका जीव लावला," चंपा म्हणाली. वार्निश तिच्या खांद्यांवर होतं. लाट खाली गेली.

दुसरी लाट आली तेव्हा रंग द्वारकाच्या कमरेच्या वर होता. मांडवात पहिल्या रांगेत बसलेले, वल्हेवाल्यांचे म्हातारे झालेले मुलगे, नातू, सरपंच, सगळे आता इकडे बघत होते. कुणीतरी हसलं. तेच हसू होतं ते, घराण्यात जपून ठेवलेलं.

"हसा!" द्वारका त्यांच्याकडे न बघता ओरडली. "माझे हात खाली येवचे नाय! सोड, आये!"

"की उतरावंसंच," चंपा म्हणाली. वार्निश तिच्या कोपरांपाशी पोचलं होतं. मनगटं अजून कोरडी होती. तिचे डोळे चकचकीत झाले होते आणि त्यांतून काही कळत नव्हतं. लाट खाली गेली.

घैसास मांडवातून हात हलवत, घाई करा, अशी खूण करत होते. सदाने कुंचला बुडवला आणि तिच्या छातीवरून, गळ्यावरून, हनुवटीवरून नेला. ओरडायला तिला आता एकच श्वास उरला होता. तो तिने धरून ठेवला. रंग दंडांवर चढू लागला.

तिसरी लाट मोठी होती. ती देवळाच्या बाजूने आली, मांडवाचे खांब तिरके करत, आणि तिने पडाव वर, आणखी वर उचलला. आईच्या पायांचे तळवे द्वारकाच्या बोटांपासून हातभर अंतरावर आले.

"सोड!"

चंपाने तिचे हात बघितले, एक आणि दुसरा. तिने डोळे मिटले आणि दोर सोडला.